पेटीवरचा हात

"आज्जी, हात काढा. पेटी उघडायचीय," टेबलाखाली वाकलेला सरफराज म्हणाला.

रंगूबाईंनी हात काढला नाही. कॉम्प्युटरच्या पेटीवर पंजा पसरून त्या खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत बसल्या होत्या. सरफराजनं पुन्हा सांगितलं. ढिम्म. शेवटी तो उठून समोर आला, तशी म्हातारी कडाडली.

"टेबलाखाली तोंड घालून काय पुटपुटतोस रं? मोठ्या माणसाशी समोर बघून बोलावं. सांगलीत येवढं बी शिकवत न्हाईत व्हय?"

"चुकलं आज्जी," सरफराज म्हणाला. विश्रामबागेत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, रोज पन्नास गिऱ्हाइकं तोंड टाकून जायची. पण असा दम त्याला शाळेनंतर कुणी दिला नव्हता.

सून शिवांजली त्याला बाहेर सोप्यात घेऊन गेली.

"आत्तींचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणायची. "यशराज गेल्यापासनं तंद्रीतच असतात. हाक मारली तरी ओ देत न्हाईत."

यशराज म्हणजे तिचा नवरा, फौजेत होता. तिकडून रोज दिवेलागणीला याच कॉम्प्युटरवर कॉल करायचा. बोलणं शिवांजली रेकॉर्ड करून ठेवायची. मागच्या हिवाळ्यात बर्फात त्याची गाडी दरीत गेली आणि इकडं म्हातारीनं अन्न सोडलं.

"मग मीच एक फाईल रोज दिवेलागणीला आपोआप वाजंल अशी लावली. पहिल्या दिवशी आत्तींनी पेटीवर हात ठेवला, म्हणाल्या, यश आला. आणि भाकरी मागितली. तवापासनं तो बोलून गेल्याबिगर ताटाला हात लावत न्हाईत. रेकॉर्ड हाय हे त्यांना ठाऊक न्हाई. तुमीबी बोलू नका."

"न्हाई बोलत, वैनी."

"यशराजचं भूत बोलतं, अशी गावात बोलवा झालीय. दिवे लागले की आमच्या दारावरनं कोण जात न्हाई. जाऊ दे, नका जाऊ. पण आता आवाज तुटतोय हो. एक दिवस बंद पडला तर या बाईला मी जेवायला कशी घालू?"

आत येऊन तिनं फाईल चालू करून दाखवली. आधी पेटी खडखडून थरथरली. आवाज अजून फुटलाही नव्हता आणि पेटीवर हात ठेवून बसलेली म्हातारी एकदम हसली.

"आलास? आज दिवसाउजेडी रं बाळा?"

मग आवाज आला. "आये... आ... आलो... जे... जेव..." कुणीतरी घरातच गुदमरत बोलत असल्यासारखा. सरफराजच्या अंगावर सर्रकन काटा आला. अल्ला, हिला आधी कसं कळलं?

पण कामाला आलेल्या माणसानं घाबरून कसं चालेल? त्यानं डिस्क तपासली.

"वैनी, बोलणं एकच हाय, पण डिस्कवर तुकडं तुकडं होऊन चहूकडं पडलंय. वाचणारी सुई ते गोळा करत पळतीय, त्याचीच ही खडखड. नवी डिस्क टाकूया?"

"न्हाई. पेटी यशराजच्या हातची हाय. आतलं काय बदलायचं न्हाई."

"मग तुकडं एका रांगेत लावतो. पण काही फायलींना कुलूप असतं. मशीन चालू असलं की त्या वापरात असतात, जागच्या हलत न्हाईत. बसलेल्या माणसाखालची सतरंजी ओढता येत न्हाई, तसं. हे बोलणंबी तुमच्या प्लेअरनं धरून ठेवलंय. मशीन सुरू होताना, विंडोज जागं व्हायच्या आधी ते हलवावं लागंल. मधी लाईट गेली तर सगळं मातीत."

"इन्व्हर्टर हाय."

तरीही त्यानं आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. खराबी आहे का पाहिली. मग मशीन बंद करून सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली आणि शिवांजली देवापुढं जाऊन बसली ती उठेचना. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीवर शिट्टी मारत होता. रंगूबाई शेगडीशेजारीच लसूण सोलत होत्या. शेवटी सरफराजनंच जाऊन गॅस बंद केला.

काम बिनधोक पार पडलं. डिस्कचे स्क्रू सैल झाले होते, ते त्यानं आपणहून आवळले, खाली रबराच्या चकत्या घातल्या, पंख्यातली धूळ काढली. पेटी आता देवघरातल्या समईसारखी शांत, स्थिर होती. त्याचं त्यालाच बरं वाटलं. निघायला हवं होतं, पण पाय निघेना. ऐकूनच जाऊ म्हणाला.

दिवेलागण झाली. शिवांजलीनं भाकरी-पिठल्याचं ताट आणून ठेवलं. रंगूबाईंनी पेटीवर हात ठेवला.

"आये, आलो गं! जेवलीस का?"

एक अक्षर तुटलं नाही. मागं कुठंतरी फौजेच्या ट्रकचा हॉर्न वाजला, तोही ऐकू आला. शिवांजलीनं तोंडात पदर कोंबला आणि भिंतीला टेकून रडायला लागली. सरफराजचेही डोळे भरले.

"हितं लय थंडी हाय बघ. पण तुजी गोधडी हाय माज्यापाशी."

रंगूबाईंनी पेटीवरचा हात जरा सरकवला. मग दाबून धरला. मग दुसराही हात ठेवला.

"शिवाला सांग, तिनंबी वेळेवर जेवावं. आये, ऐकतीयास न्हवं?"

आवाज घरभर घुमत होता. रंगूबाईंनी दोन्ही हात काढून मांडीवर घेतले आणि ताट पुढं ढकललं.

"दिवे लागून येळ झाला की गं पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "आज यश आला कसा न्हाई?"