सीताबाईची फ्रीस्टाइल

"आपली ऋतुजा फ्रीस्टाइलमध्ये एकेकीला धुऊन काढणार," पेणच्या आपल्या गणपती कारखान्यात टीव्ही लावत काळुराम म्हणाला. त्याची पोरगी आशियाई स्पर्धेत पोहण्याच्या फायनलला पोचली होती. त्याच्या आईला, सीताबाईला, मात्र घाम फुटला. तिला फ्रीस्टाइल म्हणजे पेपरात येते तेवढीच ठाऊक. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेतल्या फ्रीस्टाइल हाणामारीत तिच्या भावाचे दोन दात पडले होते. "अरे, पोरीचं लगीन व्हायचंय अजून," ती म्हणाली. भोंगा वाजला, आठ जणींनी उड्या मारल्या. सीताबाईने डोळे झाकले. सव्वीस सेकंदांनी काळुराम कण्हला, "आठवी आली. शेवटची." सीताबाईने हळूच बघितलं. ऋतुजा हसत होती, दात सगळे जागेवर. "शाणी गो माझी बाय," ती म्हणाली, "भांडणात पुढं नाय घुसली." सुटकेने ती मटकन पाटावर बसली. पाटावर गिऱ्हाइकाच्या गणपतीचा ओला उंदीर होता.