मुकी घंटा

टॅल्बट मालकांना घंटा वाजायला हवी होती, आणि तीही रविवारच्या आत.

आवारातल्या उंच खांबावर ती लटकत होती, एका माणसाच्या मिठीत न मावणारी. पण आत लोलकच नव्हता. पहाटे माणसं उठवायची म्हणजे पहारेकरी हॉब्ज लोखंडाच्या तुकड्यावर सळई बडवत बसे. मालकांनी लोहाराकडून नवा लोलक घडवून आणला, तर तो हलका पडला आणि घंटा नुसती खोकल्यासारखी वाजली. मालक चिडले. लहानपणी आपल्याला हिच्याच आवाजानं जाग यायची, चार मैलांवर ऐकू जायची, असं ते ज्याला त्याला सांगत. मग कुणी चोरट्यानं लोलक लांबवला, असं त्यांचे वडील म्हणत.

कापसाच्या ओळीत वाकलेल्या टोबायसनं हे सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही. पायात बेडी, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, पाठीमागे हॉब्जची कुत्री. अशा वेळी मान खाली असलेलीच बरी. शिवाय त्याचा जीव नदीपलीकडे अडकला होता.

तिकडे त्याची बायको ऑर्फा अंथरुणाला खिळली होती. कापूस पेरायच्या दिवसांत तिला ताप भरला, तेव्हा टोबायस औषध आणायला तसाच धावत सुटला आणि घाईत चिठ्ठी घरीच राहिली. गोऱ्या माणसाच्या सहीची चिठ्ठी खिशात नसताना काळ्या माणसानं अलाबामाच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बायको तापानं फणफणत असताना चिठ्ठी कुणाला आठवते? पुलावर घोडेस्वारांनी अडवलं, कुणाच्या शेतावरचा तू, म्हणून विचारलं, आणि दोऱ्यांनी बांधून नेला. चिठ्ठी नाही म्हणून दंड झाला, आणि तो फिटेपर्यंत राबायला टोबायस शेवटी इथे येऊन पडला. औषध घरी पोचलंच नाही.

परवा सरकीची गाडी घेऊन आलेल्या गाडीवानानं हळूच सांगितलं होतं, ऑर्फा आता फक्त पाणी घेते, आणि डोळे उघडले की दाराकडे बघते. तेव्हापासून टोबायसला घास उतरत नव्हता. तीन मैलांवर बायको मरतेय आणि आपण दुसऱ्याचा कापूस वेचतोय, याला काय म्हणावं!

दुपारी मक्याची भाकरी मोडताना साखळीतला त्याचा जोडीदार सायलस घंटेकडे बघून म्हणाला, “मुकी आहे तेच बरं, काका. बोलायला लागली तर आपल्याला कोंबड्याच्याही आधी उठवील.”

एरवी सायलसच्या बोलण्यावर टोबायस हसायचा. आज हसला नाही. भाकरी तशीच ठेवून तो कितीतरी वेळ गिरणीच्या दिशेनं बघत राहिला.

संध्याकाळी हॉब्जच्या हातापाया पडून तो मालकांच्या ओसरीपर्यंत गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

“मालक, जुना लोलक काढून दिला तर मला घरी सोडाल?”

“तुला ठाऊक आहे कुठे आहे?”

“गिरणीमागच्या तळ्यात असेल. ऐकून आहे तसं.”

मालकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “काढ. घंटा वाजली की तू मोकळा. शब्द देतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडी काढून, कमरेला दोर बांधून त्याला तळ्यात उतरवलं. दोराचं टोक सायलसच्या हातात होतं. पाणी काळंशार, तळाशी गुडघाभर चिखल. टोबायस सरळ वडाएवढ्या जुन्या सायप्रसच्या झाडासमोर गेला आणि बुडी मारली. दुसऱ्या बुडीला हाताला लोखंड लागलं. क्षणभर त्याला वाटलं, राहू द्यावा इथेच, सापडला नाही म्हणून सांगावं. पण डोळ्यांपुढे ऑर्फा आली, दाराकडे बघणारी. त्यानं लोलक उराशी धरून वर ओढला.

“एवढ्या मोठ्या तळ्यात नेमकी जागा कशी सापडली, काका?” सायलसनं विचारलं.

“गप बस,” टोबायस म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते. पाणी गार होतं म्हणून, असं सायलसला वाटलं.

गंज खरवडून, तेल लावून लोलक चढवला आणि दोर मालकांनी स्वतः ओढला. पहिल्या टोल्याला झाडांवरची पाखरं उठली. शेतातली माणसं होती तिथे थबकली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली म्हातारी हेगर कान झाकून मटकन खाली बसली. मालकांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. अगदी तोच आवाज, ते म्हणाले.

टोबायस पुढे झाला आणि शब्दाची आठवण करून दिली.

“अरे, तुझ्यासारखा कामाचा माणूस सोडून मी काय करू?” मालकांनी त्याच्या ओल्या खांद्यावर थोपटलं. “एवढा हंगाम उरकू दे. मग बघू.”

हॉब्जनं बेडी परत घातली.

घंटेचा नाद शेतावरून नदीपलीकडे गेला. ऑर्फाला तो ऐकू गेलाच असणार, आणि तेच त्याला सोसवेना. कारण हा आवाज ती तीस वर्षांनी ऐकत होती. लढाई संपली, गुलामगिरी बुडाली, त्या उन्हाळ्यात निळ्या गणवेशातला, बाहीवर फिती लावलेला एक काळा सार्जंट, आपण जन्मलो त्याच या आवारात, उत्तरेच्या फौजेबरोबर परत आला होता. याच खांबाखाली उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की तुम्ही आता मोकळे झालात. मग घंटेचा लोलक उपटला, खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या देखत तळ्यात भिरकावून दिला. गर्दीतल्या कोवळ्या ऑर्फानं भीत भीत विचारलं होतं, “पुन्हा कुणी वाजवली तर?”

“आता कशानं वाजवतील?” म्हणत सार्जंट टोबायस मोठ्यानं हसला होता.