सुहृदची गिटार

मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या इलियासचाचांनी दुरुस्तीला आलेल्या गिटारवर कानस फिरवली आणि तिला जोडलेला स्पीकर किंचाळला.

मृण्मयी दचकून उठली. "चाचा, तारा तर काढल्यात ना?"

"सगळ्या काढल्यात, पोरी. सतारीची घोडी घासून जवारी, म्हणजे तारांचा झंकार, काढायची सवय, म्हणून हिचीही तारांखालची घोडी जरा घासली." चाचांनी कानस खाली ठेवली.

तिच्या रॉकस्टार भावानं, सुहृदनं, स्वतःच्या बोटांतले मज्जातंतू प्रयोगशाळेत वाढवून, ते आत बसवून ही गिटार घडवून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा गिटारमधले तंतूही मेले, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

स्पीकरमधून आता हळूच शीळ आली. घरी येताना सुहृद जिन्यातूनच तिला घालायचा, तीच.

मृण्मयीनं गिटार अलगद मांडीवर घेतली. दोन वर्षं तिनं ही गिटार पेटीत घालून, कुलूप लावून माळ्यावर टाकली होती.