पुलाच्या अलीकडे

वेंडेलने विहिरीचं पाणी चाखलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. मग तो माती उकरायला वळला. त्याची बायको ऑर्लीन ओसरीच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. "आता कोंबड्यांची नाडी तेवढी बघ, म्हणजे झालं," ती म्हणाली.

चेष्टा त्याच्या कानांपर्यंत पोचलीच नाही. संकट येणार, या एका काळजीपायी वर्षानुवर्षं त्याला धड झोप नव्हती. वीज जाईल, दुकानं रिकामी होतील, मग माणसं एकमेकांच्या अंगावर जातील. अशा वेळी कुठली काउंटी, म्हणजे कुठला जिल्हा तगेल, हे तो दर आठवड्याला इंटरनेटवरच्या आपल्या कार्यक्रमात सांगायचा आणि हजारो भेदरलेली माणसं ते जिवाचा कान करून ऐकायची. स्वतः राहत होता त्या मार्लो काउंटीला त्याने केव्हाच नापास केलं होतं. सगळ्या शहराला एकच नळयोजना, परसात कोंबडी पाळायला बंदी, आणि जिकडे बघावं तिकडे माणसंच माणसं. तिथून हलायचं, हे ठरलं. पण ऑर्लीन तिथल्या इस्पितळात नर्स होती. नोकरी सोडणार नाही, रोज पूल ओलांडून ये-जा करीन, या अटीवर ती नदीच्या अलीकडचं हे शेत बघायला आली होती. ती सुखरूप राहावी म्हणूनच तर वेंडेलचा हा सारा खटाटोप होता.

शेजारचा हार्लन गरम मक्याचा पाव घेऊन आला. वेंडेलने हात झटकले आणि सगळीकडे विचारायचा तो प्रश्न विचारला.

"शहरातला लोंढा इकडे आला तर?"

"येऊ दे की," हार्लन म्हणाला. "गडबडीची बातमी आली की आमचे ट्रॅक्टर पुलावर आडवे. बंदुका घेऊन पाळीपाळीने उभे राहतो. सरावसुद्धा झालाय. पलीकडची माशी इकडे येणार नाही."

वेंडेल पायरीवर धपकन बसला. किती वर्षांनी त्याला असं निवांत वाटत होतं. पाव त्याने मिटक्या मारत खायला घेतला. "हेच घर घेऊ," तो म्हणाला.

"आणि त्या दिवशी मी कामावर असले तर?" ऑर्लीनने विचारलं.

वेंडेलचा घास हातातच राहिला. "हिला सोडाल ना? आता ओळखता की तुम्ही हिला," तो हार्लनला म्हणाला.

हार्लन अवघडला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"वहिनी, रागावू नका. रडून कोणीही सांगतं, माझं घर तुमच्याच बाजूला आहे, नवरा वाट बघतोय. एकीला सोडलं की मागून शंभर घुसतात." मग तो वेंडेलकडे वळला. "आम्हा शेतकऱ्यांना हे कुठलं सुचायला? तुमच्याच कार्यक्रमात ऐकलं."