तुरटीचा खडा

वीरभद्रच्या खांद्यावरची गुळाची ढेप खाली पडली. माशांच्या टाकीतलं पाणी नितळ झालं होतं.

काठावर त्याची आई बसली होती, हातात तुरटीचा खडा घेऊन. नागम्मा म्हणजे गळ्यात लिंग असलेली, मांसमासळीला न शिवणारी कडक बाई. लेकानं मासे पाळले त्या दिवशी तिनं चूल वेगळी मांडली. वर्ष झालं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि आज ती आपल्या पायांनी इथं आली होती.

"किती दिस रुसून बसू रं?" ती म्हणाली. "जीवच हाय की तेबी. पण लई घाण होती बाबा! टँकरच्या पाण्यात फिरवतो तशी तुरटी फिरवली. ते बुडबुड्याचं मशीन गाळ बसू देईना, म्हणून सकाळीच बंद केलं."

वीरभद्रनं टाकीत वाकून पाहिलं. ती घाण नव्हती. पाण्यात तरंगणारे ते तपकिरी पुंजके म्हणजे जिवंत जिवाणू होते. माशांची घाण ते खायचे आणि मासे त्यांना खायचे. त्यांना जगायला गोड खाणं लागायचं आणि रात्रंदिवस मशीनची हवा. लेकराला भरवावं तसा तो रोज त्यांना गूळ कालवून घालायचा. आता ते सगळे तळाशी बसून कुजायला लागले होते. मासे हवेसाठी वर येऊन तोंडं उघडत होते.

"बघ, कशी वर आलीत मला बघाया," आई हरखून म्हणाली. "उद्यापासून तुझ्याकडंच जेवते मी."

हे ऐकायला तो वर्षभर आसुसला होता.

त्यानं धावत जाऊन मशीन सुरू केलं. तेवढ्यानं भागणार नव्हतं. बादली भरभरून तो पाणी उंचावरून टाकीत ओतायला लागला. तेवढीच हवा मिसळली तर मिसळली.

आईला वाटलं, पोरगं आनंदानं खेळतंय. पदर खोचून तीही दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागली. किती दिवसांनी ती अशी हसत होती!

एक मासा उलटा झाला, पांढरं पोट वर. मग दुसरा. मग बरेच.

"अशी आडवी का झालीत रं ही? निजली का?"

टाकीत आता एकही मासा हलत नव्हता. वीरभद्र तरी बादल्या ओततच राहिला. थांबला असता, तर आईला सांगावं लागलं असतं.