दहावं मिनिट

साकोलीच्या हर्षाला त्या दुपारी आभाळ ठेंगणं झालं होतं. नव्या लॅपटॉपवर तिनं आयुष्यातलं पहिलं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं. धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी कशी करायची, याचं. पडद्यावर फॉर्म, आणि खाली कोपऱ्यातल्या चौकटीत बोलणारी ती स्वतः!

जेवण उरकून ती गुणगुणतच एडिटिंगला बसली. बोलली होती नऊ मिनिटं, पण व्हिडिओ निघाला दहा मिनिटांचा. 'बंद करायलाच विसरले वाटतं,' म्हणत तिनं शेवटचं मिनिट लावलं.

चौकटीत सासूबाई हसत आल्या. त्यांनी लॅपटॉपला कुंकू लावलं, मग हर्षाच्या कपाळाला. मग दोघींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. व्हिडिओ तिथं संपला.

हर्षा बघतच राहिली. सासूबाई तर सकाळपासून करडीला, माहेरी गेल्या होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. कुंकवाचा करंडा घेऊन सासूबाई हसत आत आल्या.

"झाला काय व तुझा व्हिडिओ? अव, नांगर असो का मशीन, कुकू लावल्याबिगर आपल्या घरी कामाले लागत नाही!"

त्यांनी लॅपटॉपला बोट टेकवलं, मग हर्षाच्या कपाळाला. त्यांचा तो थाट पाहून हर्षालाही हसू फुटलं.

मग सासूबाई रिकाम्या खुर्चीकडे वळल्या.

"तू बी ये व माय. लाजून काहून राहिली?"

खुर्ची हळूच पुढे सरकली.