नांगराचा चिखल

"चोर आहात तुम्ही, सर."

मेघालीनं पत्राचं पहिलंच वाक्य असं ठोकलं आणि खोडलं नाही. त्याच रागात तिनं पुढचं सगळं पत्रही लिहून काढलं. नवापूरच्या समुद्रकाठच्या घराच्या ओट्यावर ती बसली होती, मांडीवर लॅपटॉप. अंगणात आई, वत्सला, काठ्यांवर बोंबील टांगत होती. पायरीवर बाप, एकनाथ, फाटकं जाळं शिवत होता.

सर म्हणजे तिचे संशोधनाचे मार्गदर्शक. पाच वर्षं राबून तिनं काम उभं केलं. आज त्यावरचा लेख छापून आला. वर एकट्या सरांचं नाव. तिचं कुठंच नाही.

"कोनाला शिव्या घालतेस, बाय?" एकनाथनं विचारलं. "बटनं तुटतील ना!"

तिनं सांगितलं. त्याच्या हातातली सुई थांबली.

"पन तू शोधलं काय होतंस?"

मेघाली रागातच भडाभडा बोलली. अणूएवढा बारीक कण एकाच वेळी इथंही आणि तिथंही असल्यासारखा राहू शकतो. पण हवा लागली, उजेड लागला, की तो कुठं आहे याची खबर बाहेर फुटते. मग त्याचं ते दोन्हीकडे असणं मोडतं. खबर मात्र मरत नाही. आजूबाजूला पसरते, एकीच्या शंभर प्रती होतात.

"कणाला विचारायचंच नाही, बाबा. त्याच्या भोवतालचा एक तुकडा तपासला तरी पुरे."

एकनाथ खो खो हसत सुटला.

"अगं, हा तर आपल्या कुंदनच्या होडीचा नांगर!"

मेघालीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"इसरलीस? दुसरीत होतीस तू. कुंदन मासली कुठं गावली ते मेला तरी सांगायचा नाय. मी तुला त्याच्या होडीकडं नेलं. म्हटलं, त्याला इचारूच नको. नांगराला लागलेला तळाचा चिखल बघ, जाळ्यातल्या शिंपल्या बघ. त्याचं तोंड गप हाय, पन बाकी सगळं बोलतंय. कायबी एक उचल, ठिकान कळतं."

"आनि ही तो चिखल फ्रॉकात घेऊन घरात आलती," आई म्हणाली. "मीच धपाटा घातलता."

मेघाली विसरली नव्हती. त्या चिखलावरूनच तर सगळं सुरू झालं होतं. पहिल्या वर्षी भरल्या वर्गात सरांनीच विचारलं होतं, ही कल्पना तुला सुचली कशी? "वाचता वाचता," ती म्हणाली होती. नांगराचं नाव काढायची तिला लाज वाटली होती. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिनं एकोणीस जणांचे आभार मानले होते. कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा. आईबाबांचेही मानले होते, आशीर्वादाबद्दल.

तिनं पत्र खालपर्यंत वाचलं. शेवटी तिनंच सरांना दम भरला होता: खोडलं म्हणून पुसलं जात नाही. आजूबाजूला प्रती उरतात.

प्रती समोरच होत्या. एकीच्या हातात बोंबील, दुसऱ्याच्या हातात सुई. मेघालीचे कान तापले. पत्र पाठवायला उचललेलं बोट तिनं मागं घेतलं.

"थांबलीस का?" एकनाथ तावातावानं उठला. लेकीसाठी पेटला होता बिचारा. "सोडू नको त्याला, बाय! इचार, घेतलंस ते घेतलंस, पन ज्याच्याकडनं घेतलंस त्याचं नाव घ्यायला जीभ का जड झाली? उत्तर दे म्हनावं!"